एक्सेलमधली बटणं: आठ महिने वापरल्यावर

आमच्या हार्डवेअरच्या दुकानाचा हिशेब सात फायलींत पसरलेला. खरेदी, विक्री, उधारी, पगार, असं बरंच. दिवाळीनंतर एक ‘मुख्य’ फाइल केली, तीत प्रत्येक फाइलीसाठी एक चौकोन काढला आणि राइट-क्लिक करून त्याला मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, जोडला. चौकोन दाबला की ती फाइल समोर. हे सगळं एक्सएलएसएम या मॅक्रोवाल्या प्रकारात सेव्ह करायचं, नेहमीच्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो जातात.

पहिली ठेच लागली ती मराठीपायी. फायलींची नावं ‘उधारी’, ‘खरेदी’ अशी देवनागरीत, आणि मॅक्रो ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएच्या एडिटरला देवनागरीचं वावडं. नाव पेस्ट केलं की नुसती प्रश्नचिन्हं. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. नावं इंग्रजीत करणं सोपं होतं, पण काउंटरवर बसणाऱ्या काकांना मराठीच लागतं. शेवटी एक शीट ठेवली, तिच्या सेलमध्ये फायलींची नावं लिहिली आणि मॅक्रोला ती तिथून उचलायला लावली. आधी धिसवर्कबुक.पाथ, म्हणजे मुख्य फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता, मग उलटी तिरकी रेघ (\), पुढे सेलमधलं नाव. सेलमधून आलेली देवनागरी वर्कबुक्स.ओपन ही फाइल उघडणारी आज्ञा निमूटपणे घेते. फाइल जागेवर आहे का हे बघायला मात्र व्हीबीएचं डिर वापरू नका, तेही देवनागरीला अडखळतं, त्याऐवजी फाइलसिस्टिमऑब्जेक्ट चालतं.

या आडवाटेचा फायदा नंतर कळला. एप्रिलमध्ये नव्या वर्षाच्या फायली आल्या, तेव्हा सातच सेल बदलले, कोडला हात लावला नाही. अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर नेलं तरी बटणं चालतात.

उधारीची बाकी मुख्य फाइलीत ओढून आणणारं बटणही केलंय. ते जपून दाबावं लागतं, कारण मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की कंट्रोल-झेडने मागे जाता येत नाही. एकदा चुकीच्या रांगेवर आकडे बसले आणि हाताने टिपलेल्या नोंदी गेल्या. तेव्हापासून मॅक्रोच्या पहिल्याच ओळीत फाइलीची प्रत काढून ठेवतो.

सीएंना फाइल मेल केली तर त्यांच्याकडे लाल पट्टी आली. २०२२ पासून नेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो आपोआप अडवले जातात. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करावं लागतं. मोबाइलवर तर बटणं म्हणजे नुसती चित्रं.

काकांची तक्रार वेगळीच: “उधारीचं बटण तांबडं कर रे, लांबून दिसलं पाहिजे.”