कॅमेरा नव्हे, रेडिओ पाहून घेतलेला फोन

मी नागपुरात घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. पहाटे साडेपाचला स्कूटी काढायची, दहाच्या आत दहा-बारा घरं करायची आणि नमुने लॅबला पोचते करायचे. महाल, इतवारी, रेशीमबाग, मग वर्धा रोडनं मनीषनगर आणि बेसा. लोक रात्रीपासून उपाशी बसलेले असतात आणि त्यातले निम्मे शुगरवाले. मला उशीर झाला की त्याची किंमत त्यांना मोजावी लागते.

जुन्या फोननं मागच्या वर्षी ती किंमत वसूल केली. गांधी गेटच्या आतला पत्ता होता, बडकस चौकाच्या अलीकडे, जुन्या वाड्यांच्या मागची गल्ली. ठिपका नकाशावर बरोबर गल्लीत दिसत होता, पण बाण भलतीकडे तोंड करून बसलेला. मी उभी राहून फोन फिरवला तरी बाण हलेना. उजवीकडे गेले, परत आले, डावीकडे गेले. पेशंटच्या मुलाचा फोन आला, "ताई, कुठं पोचल्या? बाबा घामाघूम होऊन राहिले." पोचायला पंचवीस मिनिटं उशीर झाला. सत्तरीचे काका, हात थंडगार. ग्लुकोमीटरवर 61. नमुना राहू दिला, आधी साखरपाणी पाजलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की त्या फोनात होकायंत्रच नव्हतं. जीपीएस आपण कुठं आहोत ते सांगतं, तोंड कुठं आहे ते सांगत नाही. चालती गाडी असेल तर सरकणाऱ्या ठिपक्यावरून फोन दिशा ताडतो. जागेवर उभं राहिलं की त्याला वेगळा चुंबकीय सेन्सर लागतो, आणि स्वस्त फोनमध्ये नेमका तोच गाळलेला असतो. खोक्यावर तसं कुणी लिहीत नाही.

म्हणून या वेळी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेले ती कागदावर चार ओळी लिहून: होकायंत्र, एल-फाइव्ह (उपग्रहांची नवी फ्रिक्वेन्सी), एफएम, इअरफोनच्या गोल पिनचं भोक. दुकानातल्या मुलानं पाच डबे मांडले आणि कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. "ताई, पन्नास मेगापिक्सेल हाये, फोटो पहा ना." मी कागद पुढं केला. त्यानं तो दोनदा वाचला आणि सरळ म्हणाला, "हे मले माहीत नाही, पण डेमो फोन घेऊन बाहेर फुटपाथवर उभ्या राहा आणि पाहून घ्या." त्या मुलाचं मनापासून कौतुक वाटतं. माहीत नाही म्हणणारा आणि फोन हातात देऊन बाहेर पाठवणारा दुकानदार मला पहिल्यांदाच भेटला.

जीपीएसटेस्ट नावाचं फुकट ॲप आहे. आकाशातले कोणते उपग्रह फोनला ऐकू येतात, कुणाचा आवाज किती मोठा आणि तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, हे सगळं त्यात दिसतं. तीन फोन घेऊन बाहेर उभी राहिले. एकात होकायंत्र नव्हतं. दुसऱ्यात होतं, पण सगळे उपग्रह एल-वन या जुन्या फ्रिक्वेन्सीवरच. तिसऱ्यात एल-वन आणि एल-फाइव्ह दोन्ही, अमेरिकेचे, रशियाचे, युरोपचे, चीनचे, आणि दोन-तीन ओळींसमोर चक्क तिरंगा. ते आपल्या इस्रोचे, नाविक या आपल्याच जीपीएससारख्या यंत्रणेचे. बर्डीच्या फुटपाथवर तो तिरंगा पाहून मला फार बरं वाटलं. 15,499 रुपये दिले आणि तोच घेतला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तक्रार पुढं येणार आहे, आणि हेच मॉडेल सहा महिन्यांनी दुकानात मिळेलच असं नाही. तुम्ही जाल तेव्हा कागदावरच्या चार ओळी घेऊन जा.

आठ महिने झाले. जीपीएसवर मी खूश आहे, आणि का ते नीट सांगते. जीपीएसचे उपग्रह जवळजवळ 20,200 किलोमीटरवर असतात, त्यांचा सिग्नल खाली येईपर्यंत अगदी क्षीण होतो. मोकळ्या आकाशाखाली साधा फोनसुद्धा पाचेक मीटरपर्यंत जागा दाखवतो. गल्लीत मात्र तो सिग्नल थेट येतो आणि समोरच्या तीन मजली भिंतीवर आपटूनही येतो. आपटून आलेला लांबून येतो, म्हणून फोन आपल्याला शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतो. जुना एल-वन, म्हणजे 1575.42 मेगाहर्ट्झ, या घोळात सहज फसतो. एल-फाइव्ह 1176.45 वर चालतो आणि त्यातला कोड दहापट वेगवान असतो, त्यामुळे थेट आलेला सिग्नल कोणता आणि पडसाद कोणता, हे फोनला वेगळं काढता येतं. महालात आता ठिपका माझ्याच गल्लीत राहतो. गेल्या आठ महिन्यांत त्या भागात एकदाही चुकीच्या दाराशी गेले नाही.

वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर मात्र याही फोनचं काही चालत नाही. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो, असा 3.14 किलोमीटरचा पट्टा आहे. मी पुलावर असते आणि नकाशा म्हणतो डावीकडे वळा. तिथं वळायला रस्ता कुठला? अक्षांश-रेखांश वर आणि खाली सारखेच, आणि उंचीकडे नकाशा बघत नाही. अजनीकडे जाताना खालून जायचं की वरून, हे मी निघण्याआधीच ठरवून ठेवते.

उंचीवरून आठवलं. एका रविवारी झिरो माइलला गेले होते. 1907 साली मोजणीवाल्यांनी उभारलेला तो खांब, ते चार घोडे, सगळं लहानपणापासून पाहिलेलं. तिथल्या दगडाची उंची 1020.171 फूट, म्हणजे जवळपास 311 मीटर. फोन दाखवत होता अडीचशेच्या आतबाहेर. आधी वाटलं फोन बिघडला. तसं नाही. दगडाची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली, आणि उपग्रह मोजतात पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणितातल्या आकारापासून. भारताच्या भागात समुद्राची सरासरी पातळी त्या आकाराच्या बरीच खाली आहे, म्हणून आकडा कमी येतो. शंभरेक वर्षांपूर्वी दुर्बिणी आणि पट्ट्या घेऊन फिरलेल्या माणसांनी फुटाचा हजारावा भाग लिहून ठेवलाय. त्या दगडाला हात लावून मी बराच वेळ उभी होते.

घेतल्यानंतर पहिल्या आठवड्यात होकायंत्र वेडंवाकडं दाखवायचं. फोनचा दोष समजून मी सर्व्हिस सेंटरला जायला निघालेच होते, तेवढ्यात स्कूटीवरचं स्टँड आठवलं, ते चुंबकाचं होतं. काढून साधं क्लिपचं लावलं, फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठचा आकडा दोन-चारदा काढला, आणि बाण सरळ झाला. मागं चुंबक असलेलं कव्हरही नको. मे महिन्यात अकरा वाजेपर्यंत हँडलवरचा फोन इतका तापतो की स्क्रीन काळवंडते आणि चार्जिंग थांबतं. मी तेव्हा तो पर्समध्ये टाकते आणि कानातल्या आवाजावर जाते.

तक्रार ब्लूटूथची. माझ्याकडे बारकोडची चिकटपट्टी छापणारा छोटा प्रिंटर आहे. नळीवर पट्टी पेशंटसमोरच लागली पाहिजे, नंतर गाडीवर लावू म्हटलं की नळ्यांची अदलाबदल होते, आणि अदलाबदल म्हणजे एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला. दोन महिन्यांपूर्वी फोनला अपडेट आला आणि प्रिंटर दिसेनासा झाला. सर्व्हिस सेंटरनं फोन पुसून नव्यानं सुरू करा म्हणून सांगितलं, दुसरं काही पाहिलंच नाही. पेशंटची यादी त्या फोनात होती, मला ते करायचं नव्हतं. घरी बसून शोधलं तर साधी गोष्ट निघाली. अँड्रॉइड 12 पासून ॲपला जवळच्या डिव्हाइसची वेगळी परवानगी लागते, आणि अपडेटनंतर छापायच्या ॲपची ती परवानगी बंद झाली होती. ती दिली, जुनी जोडणी पुसली, पुन्हा जोडलं, पट्टी निघाली. पाच मिनिटांचं काम. चार दिवस मी पेनानं नावं लिहून नळ्या नेल्या, आणि त्या चार रात्री मला झोप लागली नाही.

बाकी ब्लूटूथ ठीकठाक आहे. डब्यावर 5.3 लिहिलंय, पण त्या आकड्याला भुलू नका, समोरचं यंत्र जुनं असेल तर बोलणं जुन्याच पद्धतीनं होतं. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं. घरातले बरेचसे वायफाय तिथंच, मायक्रोवेव्हही तिथंच. मनीषनगरच्या एका फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात दूध गरम होत असलं की माझा प्रिंटर अर्धी पट्टी छापून थांबतो. आणि ही फ्रिक्वेन्सी पाण्यात जिरते, म्हणजे आपल्या अंगातही. फोन ॲप्रनच्या उजव्या खिशात आणि प्रिंटर डाव्या खांद्याच्या बॅगेत असला की मधे मी उभी असते. दोन्ही एका बाजूला ठेवायला लागल्यापासून अडखळणं जवळपास संपलं.

आता एफएम. यासाठी मी गोल पिनच्या भोकाचा हट्ट धरला होता. आकाशवाणीची विविधभारती नागपुरात 100.6 वर लागते. त्या लहरीची लांबी तीन मीटरच्या आसपास, तिला पकडायला पाऊण मीटरची तार पुरते. एवढी तार फोनच्या पोटात मावत नाही, म्हणून इअरफोनची वायर हीच एरियल होते. कानात बिनतारी लावा किंवा स्पीकरवर ऐका, वायर फोनला लावलेली लागतेच. रेडिओचा भाग बऱ्याच चिपमध्ये ब्लूटूथ-वायफायसोबत आयताच असतो, कंपन्या तो बंद ठेवतात. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयानं कंपन्यांना एफएम बंद ठेवू नका म्हणून सांगितलं, तरी दुकानात विचारूनच घ्या. जूनच्या पहिल्या वादळात आमच्या भागात वीज गेली, मागोमाग मोबाइलची रेंज गेली. रात्रभर घरात बाहेरचा आवाज होता तो या वायरीतून येणारा.

रेशीमबागेत एक आजी आहेत, ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांची शीर सापडणं फार अवघड. सुई पाहिली की मूठ आवळतात, हात आक्रसतो, शीर आत दडते. एकदा दोन टोचे वाया गेले आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, "बाई, 585 लाव ना थोडं." नागपूर केंद्राचं ते मध्यम लहरीवरचं स्टेशन. त्यांच्या घरी ट्रान्झिस्टर होता तोवर दिवसभर तेच चालायचं. मी सांगितलं, आजी, ते फोनात लागत नाही. त्या लहरीची लांबी पाचशे मीटरच्या वर, तिला पकडायला तुमच्या ट्रान्झिस्टरमध्ये काळी कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार होती, फोनात ती नसते. न्यूजऑनएअर ॲपवर ऐकू येतं, पण त्यांच्या आतल्या खोलीत नेट टिकत नाही.

मग विविधभारती लावली. खरखर होती. वायर उलगडून खिडकीच्या गजावर टाकली आणि आवाज स्वच्छ झाला. जुनं गाणं लागलं होतं. आजींनी डोळे मिटले, ओठ हलायला लागले, आणि उशीवर टेकलेली मूठ एकेक बोट करत सुटली. कोपराच्या आत बोट ठेवलं तर शीर वर आलेली, मऊ, टचटचीत. पहिल्याच टोच्यात नळी भरली. आजींना कळलंसुद्धा नाही, गाणं संपल्यावर विचारतात, "झालं का?"

तेव्हापासून माझ्या किटमध्ये स्पिरिट, कापूस आणि नळ्यांच्या शेजारी वायरवाला इअरफोन असतो. साध्या दुकानात दीडशे रुपयांना मिळाला. आजींकडे दर तीन महिन्यांनी जावं लागतं. मागच्या खेपेला मी बॅग उघडायच्या आधी त्यांनी खिडकीचा पडदा बाजूला सारून ठेवला होता.