आठवड्याचा भाजीचा हिस्सा घ्यावा, की आपली मंडईच बरी?

गेल्या महिन्याभरात तिघींनी मला हाच प्रश्न विचारला, की तुमच्याकडे ते दर शनिवारी शेतावरून भाजी येते ना, ते परवडतं का गं? पैशाचा हिशोब दोन मिनिटांत सांगते, पण खरी गोची पैशाची नाहीये, ओट्यावरची आहे.

आम्ही पुण्यात राहतो, घरात पाच माणसं. हिस्सा म्हणजे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरायचे आणि दर शनिवारी सकाळी पाचेक किलो भाजी घरी येते, सात-आठ प्रकारची. थंडीत मटार, गाजर, मेथी यांची मंडईत रेलचेल असते तेव्हा हिस्सा सरळसरळ महाग पडतो. पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन भाव ऐकला की खाली ठेवावीशी वाटते, तेव्हा तोच हिस्सा शहाणपणाचा वाटायला लागतो. वर्षभराचं धरलं तर आमचं तरी मंडईपेक्षा जास्तच जातं, स्वस्त पडेल म्हणून कोणी घेणार असेल तर नकोच.

आगाऊ पैसे का, तर मूळ कल्पनाच ती आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेईकेई’ म्हणून हे सुरू झालं, अमेरिकेत १९८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर, आणि दोन्हीकडे मुद्दा हाच की पीक आलं तर सगळ्यांचं, गेलं तर तेही सगळ्यांचं. हे वाचायला छान वाटतं हो, पण एका मे महिन्यात अवकाळीनं झोडपलं आणि आमच्या पिशवीत लाल भोपळा, गवार आणि अजून एक लाल भोपळा आला तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पैसे परत मिळत नाहीत. हे ज्याला चालणार नाही त्याने इथेच थांबावं.

मंडईचं बरोबर उलटं. पुण्यातली महात्मा फुले मंडई १८८६ पासून उभी आहे आणि तिथे अजूनही पाव किलो गवार मागता येते, शेंग मोडून बघता येते, वांग्याचा देठ बघून नको म्हणता येतं. आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी तर मी काही बोलायच्या आत सांगतात, ‘आज पालक घेऊ नको, पाणी मारलंय.’ वर मूठभर कढीपत्ता. शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरतात तिथे जाणं जमत असेल तर तो मला मधला चांगला मार्ग वाटतो, माल शेतातला आणि निवड आपली, फक्त सकाळी लवकर जायला पाहिजे.

दहा मिनिटांत आणून देणारी ॲपं मी वापरते, उगाच नाकं मुरडणार नाही. पाहुणे दारात आणि लिंबू संपलेलं, अशा वेळी तेच. पण बारा महिने त्याच भेंडी, फ्लॉवर, सिमला मिरची, आणि मी स्वतः गेल्या वर्षभरात त्यावरून एकदाही पडवळ मागवलेलं नाही, कारण डोक्यातच येत नाही.

हिश्श्यात ते न मागता येतं, आणि इथेच तुमचं ठरतं. मंडईत आपण आधी ठरवतो काय करायचं आणि मग भाजी आणतो, इथे आधी भाजी येते. पहिल्या पावसाळ्यात पिशवीतून हातभर लांब पडवळ बाहेर डोकावत होतं आणि धाकटा म्हणाला, आई साप. तीन दिवस ते फ्रीजमध्ये दार अडवून पडलं होतं. शेवटी सासूबाईंनी बी काढून पातळ चकत्या केल्या, मीठ लावून पिळल्या, भिजवलेली हरभरा डाळ घालून वाफेवर शिजवल्या आणि वर ओलं खोबरं. तेव्हापासून आमच्याकडे पडवळाला कोणी नाव ठेवत नाही. दोडका आला की भाजी दुय्यम, आधी शिरांची चटणी, शिरा किसणीने काढून लोखंडी तव्यावर थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या (घाई केली की चिवट होतात), मग तीळ, सुकं खोबरं, मिरची, मीठ, चिमटीभर साखर. एका दोडक्याची वाटीभर सुद्धा होत नाही आणि ताट वाढेपर्यंत संपते.

पण याला वेळ लागतो, आणि तो शनिवारीच लागतो. पिशवी आल्यावर दीड तास तरी बाजूला काढावा लागतो. पालेभाज्या सोडवून, पिवळी पानं काढून, न धुता सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळायच्या, मुळ्याचा पाला लगेच कापून वेगळा करायचा नाहीतर मुळा मऊ पडतो, आणि नवलकोलची पानं फेकायची नाहीत, चिरून डाळीत घालायची. एकदा आम्ही लग्नाला गेलो आणि चाकवताची जुडी प्लॅस्टिकमध्ये तशीच राहिली, बुधवारी उघडली तर हिरवा चिखल. चाकवत म्हणजे ताकातली पातळ भाजी, त्यात डाळ-दाणे, आणि मी ते डब्यात टाकलं, तो वास अजून आठवतो. शेतावरची पालेभाजी मातीसकट येते, क्वचित अळीसकट, तेव्हा तीन पाण्यांनी धुणं आलंच. खाण्याचा क्रमही भाजीच ठरवते, पहिले तीन दिवस पालेभाज्या, मग भेंडी-गवार, आणि भोपळा, सुरण, कोबी आठवड्याच्या शेवटाला.

सेंद्रियचं काय, हे पण विचारतात. नुसतं नैसर्गिक म्हटलं म्हणून विश्वास ठेवू नका, सरळ विचारा प्रमाणपत्र कुठलं आहे. पीजीएस-इंडिया म्हणून सरकारी पद्धत आहे, त्यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, छोट्या शेतकऱ्याला ती झेपते. मी मात्र कागदापेक्षा शेतावर जाऊन येण्याला जास्त मार्क देते, कुठल्याही गटाने शेत दाखवायला टाळाटाळ केली तर माझ्याकडून फुली.

मग कोणी घ्यावा? घरात शनिवारी निवडायला बसणारं कोणीतरी आहे (आणि ते दर वेळी एकच माणूस नाहीये, हे महत्त्वाचं, आमच्याकडे मेथी निवडणं नवऱ्याकडे आहे, मॅच बघत बघत करतो), आणि मुलं निदान चाखून बघतात, तर घ्या. दोघंही उशिरा घरी येणारे, आठवड्यातून तीनदा बाहेर जेवणारे असाल तर खरंच नका घेऊ, अपराधी वाटण्यापलीकडे काही हाती लागणार नाही. डब्याला रोज कोरडी भाजीच लागते अशा घरातही अडचण होते, पावसाळ्यात निम्मी पिशवी दोडकी, घोसाळी, दुधी अशी पाणीदार असते. आणि चातुर्मास पाळणारं कोणी असेल तर आधीच सांगून ठेवा, आमच्या सासूबाई कांदे नवमीनंतर वांगं खात नाहीत आणि पहिल्या वर्षी त्याच महिन्यात चार आठवडे सलग वांगी आली. शेजारीपाजारी खूष.

नवीन असाल तर तीन महिन्यांचा पूर्ण हिस्सा एकदम घेऊ नका. बहुतेक ठिकाणी अर्धा मिळतो, नसेल तर शेजारणीबरोबर वाटून घ्या. सुरुवात नोव्हेंबर-डिसेंबरात करा, तेव्हा सगळं ओळखीचं येतं आणि भोगीपर्यंत हात बसतो, वालपापडी, गाजर, हरभरा, वांगी सगळं पिशवीतच. जूनमध्ये सुरू केलेले माझ्या माहितीतले दोघं ऑगस्टमध्ये सोडून गेले.

आम्ही स्वतः आता अर्ध्यावर आलोय. अर्धा हिस्सा, कांदे-बटाटे-टोमॅटो मावशींकडून, आणि लिंबू ॲपवर. या शनिवारी अंबाडी येणार असा मेसेज आलाय, म्हणजे उकडून, पिळून, कण्या घालून भाजी, अर्धीवर लसणाची फोडणी आणि अर्धी सासूबाईंसाठी तशीच. ज्वारीच्या कण्या संपल्यात, तेवढ्या आणायला पाहिजेत.