हास्केल या प्रोग्रामिंग भाषेने काट्याच्या फाइली वाचून आठ महिने झाले, माझा अनुभव

इंदूरला आमच्या मावसभावाचं, दादाचं, सोयाबीनचं काम आहे. धर्मकाट्याच्या (ट्रकसकट वजन करायच्या काट्याच्या) कॉम्प्युटरवरनं टेक्स्ट फाइल निघते, त्यातले आकडे काढून बेरीज आणि सरासरी द्यायची, एवढंच माझं काम. आधी त्यासाठी पायथन ही भाषा होती, नीट चालत होती, पण मला हास्केल शिकायची खाज, म्हटलं ह्याच्यावरच हात बसवू.

सुरुवातीला 'रीड' हे मजकुराचा आकडा करून देणारं फंक्शन वापरलं. एका ओळीत आकड्याला "केजी" चिकटलेलं आणि प्रोग्राम "नो पार्स" (वाचता येत नाही) म्हणून आडवा, कुठली ओळ ते काही सांगेना. मग 'रीडमेबी' घेतलं, ते गुणी आहे, आकडा नसेल तर 'नथिंग', म्हणजे 'काही नाही', देतं आणि ओळ नंबर आपल्याला छापता येतो. पण वर्षभराची ८० एमबीची फाइल दिली तर लॅपटॉप रडायला लागला, कारण साधी स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची साखळी, ६४ बिटच्या मशीनवर एकेक कडी २४ बाइटची, आणि मी बेरीज-मोजणी दोन्हीसाठी अख्खी यादी मेमरीत धरून बसलेलो.

म्हणून स्ट्रिंगऐवजी 'टेक्स्ट' हा आटोपशीर प्रकार आणि त्यातून आकडा वाचणारं त्याचं 'डेसिमल' घेतलं. स्पीड मस्त. आणि इथेच फसलो. दादाचा फोन, "अरे ट्रकमध्ये १२ किलो माल? पोहे आणायला पाठवला होता का?" झालं असं की काट्याचं सॉफ्टवेअर बदललं आणि १२४५० च्या जागी १२,४५० यायला लागलं. डेसिमल सुरुवातीचे आकडे उचलतं, १२ देतं, आणि उरलेलं स्वल्पविरामासकट परत करतं, ते मी न बघता फेकत होतो. चूक माझीच, पण पायथनचं आकडा करणारं 'इंट' इथे सरळ एरर देऊन थांबलं असतं हेही खरं.

आता स्वल्पविराम आधीच काढतो, ओळ स्ट्रिप करतो, म्हणजे दोन्ही टोकांची रिकामी अक्षरं छाटतो (विंडोजची फाइल, शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं अक्षर असतोच) आणि काही उरलं तर ओळ बाजूला टाकतो.

अजून एक गंमत, लाइट गेली की मुनीमजी मोबाइलवर देवनागरी आकड्यांत वजनं टाइप करून पाठवतात. पायथनला ते चालायचे, डेसिमल म्हणतं सुरुवातीला आकडाच नाही! कोड पॉइंटमधून (अक्षराच्या युनिकोड क्रमांकातून) २३५८ वजा केले की साधा 0-9 मधला आकडा मिळतो, काम होतं.

छोट्या फाइली असतील तर पायथनच ठेवा, उगाच भानगड नको. मी काही हास्केल सोडत नाही. परवा रिकाम्या काट्याने उणे २० दाखवलं, डेसिमल उणे चिन्ह घेत नाही, त्याला 'साइन्ड' (चिन्हासकट वाचायला लावणारं फंक्शन) लावायला पाहिजे, रविवारी बघतो.