१८४ पाव आणि एक वही: ब्रेड मेकरचा दोन वर्षांचा हिशेब

घरचा पाव विकतच्या पावापेक्षा स्वस्त पडतो, असे ऐकून दोन वर्षांपूर्वी मी ६०० वॅटचा ब्रेड मेकर घेतला. ते विधान खरे आहे का, हे पाहण्यासाठी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. आजवर त्यात १८४ पावांची नोंद झाली आहे, तेव्हा या यंत्राबद्दल लिहिताना चवीच्या आधी खर्चाचे लिहिते.

एका पावाला ५०० ग्रॅम मैदा, ३२० ग्रॅम पाणी, ९ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम कोरडे इन्स्टंट यीस्ट आणि चमचाभर तेल लागते. भाजताना काही पाणी उडून जाते आणि हाती साधारण ७५० ग्रॅमचा पाव येतो, म्हणजे एक किलो पिठाचा दीड किलो पाव होतो. विकतच्या पावाशी तुलना करायची तर ती नगावर न करता वजनावरच करावी, कारण दुकानातला पाव अधिक फुगवलेला असतो आणि आकाराने तेवढाच दिसला तरी तराजूवर बराच हलका भरतो.

खर्चात पहिला वाटा पिठाचा असणार हे उघड होते. मला चकवले ते यीस्टने. सुरुवातीला मी ७ ग्रॅमच्या पुड्या आणत असे, आणि त्या दिवसांच्या नोंदींत पिठाच्या खालोखाल खर्च यीस्टचा दिसतो. ५०० ग्रॅमचे मोठे पाकीट आणले तेव्हा त्यात १०० पाव झाले आणि हा खर्च नगण्य झाला. उघडलेले पाकीट हवाबंद बरणीत भरून फ्रीजरमध्ये ठेवले तर यीस्टचा जोर कित्येक महिने टिकतो.

विजेच्या बाबतीत हे यंत्र खरोखर काटकसरी आहे. प्लगला वीज मोजण्याचे छोटे उपकरण लावून पाहिले तेव्हा मळण्यापासून भाजण्यापर्यंत एका पावाला सुमारे ०.३५ युनिट वीज लागली, तर माझ्या मोठ्या ओव्हनमध्ये आधी तापवण्याचा वेळ धरून एका पावाला १.२ युनिट लागली. कारण सरळ आहे: यंत्राला केवळ भांड्यापुरती जागा तापवायची असते. मात्र ओव्हनमध्ये एका वेळी तीन पाव भाजणाऱ्यांना हा फायदा फारसा जाणवणार नाही.

आता यंत्राच्या किमतीविषयी. आठवड्याला दोन पाव केले तर पाच वर्षांत ५२० होतात, महिन्याला दोन केले तर १२०. तेच यंत्र, तीच किंमत, पण दुसऱ्या घरात प्रत्येक पावावर यंत्राचा चौपटीहून अधिक भार पडतो.

एवढे सगळे धरून माझ्या वहीचा निकाल असा आहे: सर्वांत स्वस्त पांढऱ्या कारखानी पावापुढे घरचा पाव हरतो. केवळ सामान आणि वीज धरली तर दोन्ही किलोमागे जवळपास सारखे पडतात; यंत्राचा वाटा मिळवला की घरचा महाग होतो. यात नवल नाही. १९६१ मध्ये इंग्लंडमधील चॉर्लीवूड येथे विकसित झालेल्या पद्धतीत पीठ अतिवेगाने मळून आंबवण्याचा दीर्घ वेळ जवळजवळ वगळला जातो आणि कमी प्रथिनांचा गहूही चालतो. अशा घाऊक उत्पादनाशी किमतीत स्पर्धा करणे स्वयंपाकघराला शक्य नाही. पण संपूर्ण गव्हाचा, बिया घातलेला किंवा संथपणे आंबवलेला पाव तुम्ही नेहमी विकत घेत असाल, तर तसाच पाव मला घरी निम्म्याहून कमी खर्चात मिळाला आहे, आणि तोही यंत्राचा वाटा धरून.

या हिशेबाला सर्वांत मोठे भगदाड पाडले ते वाया गेलेल्या पावाने. घरच्या पावात टिकवण्याची रसायने नसतात, त्यामुळे तो तिसऱ्या दिवशी कोरडा पडतो. पहिल्या तीन महिन्यांत मी जवळजवळ चौथा हिस्सा टाकून दिला, म्हणजे खाल्लेला प्रत्येक पाव मला एक तृतीयांशाने महाग पडला. फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवणे ही चूक होती, कारण त्या थंडाव्यात स्टार्चचे पुन्हा स्फटिक बनतात आणि पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. आता पूर्ण गार झाल्यावर काप करून निम्मा पाव फ्रीजरमध्ये टाकते आणि लागेल तेवढे काप थेट टोस्टरमध्ये घालते. तेव्हापासून वाया काही जात नाही.

पाव बिघडू नये म्हणून एक सवय लावून घ्यावी. मळायला सुरुवात झाल्यावर दहाव्या मिनिटाला झाकण उघडून गोळा पाहावा. तो भांड्याच्या कडा सोडून फिरत असेल आणि तळाशी किंचित चिकटत असेल तर प्रमाण बरोबर आहे. कडांना लेप बसत असेल तर चमचाभर पीठ, गोळा कोरडा होऊन भांड्यावर आपटत असेल तर चमचाभर पाणी घालावे. मळताना झाकण उघडल्याने काही बिघडत नाही, पण पीठ फुगताना किंवा पाव भाजताना ते उघडू नये.

यंत्राचे दोष सांगायलाच हवेत. मळण्याचे पाते पावाच्या तळाशी अडकते आणि तिथे भोक पडते. वरचे कवच फिके राहते. ओव्हनसारखा खमंग रंग कधीच येत नाही. गंभीर तक्रार भांड्याबद्दल आहे: चौदाव्या महिन्यात त्याचे नॉनस्टिक आवरण निघू लागले, आवरण हमीत बसत नाही असे उत्तर मिळाले, आणि नव्या भांड्यासाठी यंत्राच्या किमतीच्या जवळजवळ पाव हिस्सा मोजावा लागला. भांडे आणि पाते सुटे मिळतात का, हे खरेदीपूर्वी विचारूनच घ्या.

अशी यंत्रे चार-सहा वेळा वापरून कपाटात गेलेली असतात आणि पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत विकायला निघतात. वहीतल्या आकड्यांकडे पाहता दुसऱ्यांदा घेण्याची वेळ आली तर मी असेच वापरलेले यंत्र घेईन, आणि पैसे देण्याआधी भांड्याचा तळ व पाते बसवण्याचा दांडा उजेडात धरून नीट पाहून घेईन.