उंची स्पीकर निवडताना: कोण कुठल्या ध्वनिमुद्रणावर कमी पडतो

काही वर्षांपूर्वी स्पीकरची एक महागडी जोडी मी एकाच गाण्यावर भाळून घेतली. एक गायिका, एक गिटार, ओठांजवळ धरलेला माइक. त्या जोडीवर तिचा श्वास ऐकू येत होता, तारेवरून सरकणारं बोट ऐकू येत होतं. जोडी घरी आली आणि आठ महिन्यांत माझी जुनी गाणी हळूहळू मागे पडत गेली. पन्नासच्या दशकातलं काहीही लावलं की प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानात टोचायचा, व्हायोलिनं किरकिरायची. त्या स्पीकरचा ५ ते ८ हजार हर्ट्झचा पट्टा थोडा चढा होता. स्वच्छ, नव्या मुद्रणावर त्या चढेपणालाच मी बारकावा समजलो होतो.

तेव्हापासून माझी पद्धत उलटी आहे. स्पीकर ज्यावर झकास वाजतो ते मुद्रण मी शेवटी लावतो. आधी लावतो ते त्या जातीच्या स्पीकरला जड जाणारं. प्रत्येक जात कुठे ना कुठे कमी पडतेच. किती कमी पडते आणि ती उणीव आपल्याला रोज सोसवेल का, एवढंच बघायचं असतं.

उंची म्हणून जे मिळतं ते ढोबळमानाने चार प्रकारांत बसतं: जमिनीवर उभे राहणारे मोठे खोके, स्टँडवर ठेवायचे छोटे खोके, इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणजे पातळ पडद्याचे स्पीकर, आणि हॉर्न, म्हणजे भोंगे. ही तुलना खरी व्हायची असेल तर दोन गोष्टी आधी करून घ्याव्याच लागतात.

पहिली म्हणजे आवाजाची पातळी सारखी करणं. जरासा मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. एका स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीवर तो किती मोठा वाजतो ते, ८४ डेसिबल आणि दुसऱ्याची ९० असेल, तर अँप्लिफायरची खुंटी न हलवता दुसरा ६ डेसिबल मोठा वाजतो. तेवढीच पातळी पहिल्याकडून हवी असेल तर चौपट शक्ती लागते. आपण बसतो त्या जागी आवाज मोजणारं मीटर ठेवा, दोन्ही जोड्यांवर पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर मिसळलेला एकसारखा खळखळाट, वाजवा आणि फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फोनवरचं ॲपही चालेल, कारण इथे खरा आकडा नको असतो, फक्त दोन्हींची बरोबरी हवी असते.

दुसरी म्हणजे डोळे बाजूला ठेवणं. स्पीकरवर संशोधन करणारे फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडलेल्या प्रयोगात त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा उघड ऐकवले होते. उघड ऐकताना मतं बदलली. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: स्पीकर डोळ्यांसमोर असताना संगीत बदललं किंवा स्पीकरची जागा बदलली, तरी श्रोत्यांची मतं फारशी हलत नव्हती. वेगवेगळी मुद्रणं घेऊन जाण्याचा सगळा उपयोगच तिथे संपतो. स्पीकरपुढे एखादं पातळ, विरळ विणीचं कापड सोडा. तेही जमत नसेल तर सोबत कुणाला तरी न्या, जोडी त्यांनाच बदलू द्या आणि आपण डोळे मिटून बसा.

आता छोटे खोके. या घराण्याचा सर्वात प्रसिद्ध नमुना म्हणजे बीबीसीने सत्तरच्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या, म्हणजे स्टुडिओबाहेरून कार्यक्रम पाठवणाऱ्या, गाड्यांसाठी तयार केलेला एलएस३/५ए. गाडीत जागा कमी आणि निवेदकाचा आवाज खरा आहे की नाही हे कळलं पाहिजे, ही त्याची गरज. म्हणून या जातीची ताकद माणसाच्या गळ्यात आहे. नुसतं बोलणं लावून बघा, संगीत नको. ओळखीच्या पुरुषाचा आवाज छातीतून येतोय की डब्यातून, हे अर्ध्या मिनिटात कळतं. जन्मभर आपण सर्वात जास्त ऐकलेली गोष्ट म्हणजे माणसाचं बोलणं, त्यामुळे कान तिथे सहसा फसत नाही.

छोट्या खोक्याची उणीव खर्जात आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती पकडायला बरेच जण पियानो लावतात आणि चुकतात. पियानोचा सर्वात खालचा सूर २७.५ हर्ट्झचा. पण त्या तारेच्या आवाजात मूळ सुराचा जोर कमी आणि त्यासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांचा, म्हणजे स्वरांशांचा, जास्त असतो. ते स्वरांश मिळाले की मेंदू खालचा सूर आपणहून भरून काढतो. त्यामुळे ६० हर्ट्झच्या खाली काहीही न देणाऱ्या स्पीकरवरसुद्धा पियानो पूर्ण वाटू शकतो. चर्चमधला मोठा ऑर्गन किंवा वाद्यवृंदातला बास ड्रम लावा. ऑर्गनची १६ फुटांची नळी साधारण ३३ हर्ट्झचा सूर देते, ३२ फुटांची १६ हर्ट्झचा. तो सूर ऐकण्यापेक्षा खोलीची हवा जड झाल्यासारखा जाणवतो, आणि छोट्या खोक्यावर तो नसतोच.

आणखी एक परीक्षा मला फार आवडते. लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये वाद्यवृंदाची असंख्य नामांकित मुद्रणं झाली. त्या सभागृहाखालून भुयारी रेल्वे जायची आणि तिचा गडगडाट कित्येक मुद्रणांत उतरला आहे. हळुवार जागा चालू असताना खालून आगगाडी जाते. छोट्या खोक्यावर ती गाडी येतच नाही, मोठ्यावर येते आणि खिडकीशी जाऊन बघावंसं वाटतं.

मोठ्या, तीन-मार्गी, म्हणजे खर्ज, मधले आणि वरचे सूर वेगवेगळे वाजवणाऱ्या खोक्यांचं सामर्थ्य हेच: खोल खर्ज, मोठा आवाज, भरलेला वाद्यवृंद न विस्कटता उभा करणं. पण खोल खर्ज मिळाला की खोलीही वाजू लागते. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ८.६ मीटर. खोली ४.३ मीटर लांब असेल तर त्या लहरीचा अर्धा भाग तिच्यात अगदी चपखल बसतो आणि तेवढाच सूर फुगतो. डबल बासचा सर्वात खालचा सूर ४१ हर्ट्झचा, म्हणजे नेमका तिथेच. म्हणून या जातीला मी जॅझमधला चालता डबल बास लावतो. वादक एकेक सूर उतरत खाली येतो. प्रत्येक पायरी सारख्या वजनाची वाटली पाहिजे. एखादी पायरी अचानक दणदणली आणि पुढची नाहीशी झाली, तर ते स्पीकरचं काम आहे की खोलीचं, हे जोडी अर्धा मीटर पुढेमागे करून पाहिल्याशिवाय ठरवू नका. शक्य असेल तर जोडी स्वतःच्या खोलीत आणूनच ऐका. परक्या खोलीतला खर्ज ही तिथलीच गोष्ट असते.

मोठ्या खोक्याची दुसरी उणीव आकड्यांत दिसत नाही. तबल्याचं जवळून केलेलं मुद्रण लावा आणि नेहमीपेक्षा थोडं पुढे बसा. चाटेवरच्या ‘ना’ची धार वरचे सूर देणाऱ्या ट्वीटरमधून येते, डग्ग्याचा ‘घे’ खर्ज देणाऱ्या खालच्या वूफरमधून. क्रॉसओव्हर, म्हणजे त्यांच्यात सूर वाटून देणारी जोडणी, नीट जमलेला नसेल तर एकाच वादकाचे दोन हात दोन मजल्यांवर बसल्यासारखे वाटतात. डग्ग्यावर मनगट दाबून सूर वर सरकवला जातो तेव्हा तर हे फारच उघडं पडतं. घिस्सा खालून सुरू होतो आणि मध्येच त्याचा पोत बदलतो, कारण आवाज खोक्यातल्या एका शंकूतून दुसऱ्या शंकूत गेलेला असतो. जमलेल्या स्पीकरवर तोच घिस्सा एका चामड्यावर सरकलेला एक हात असतो. तीस सेकंदांची ही परीक्षा मी कधीच गाळत नाही.

पडद्याच्या स्पीकरला हा प्रश्नच नाही, किंवा फार थोडा आहे. पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९५७ साली आणलेला स्पीकर या जातीचा मूळ पुरुष. विद्युतभारित पातळ पापुद्रा दोन जाळ्यांमध्ये ताणलेला असतो आणि तोच हवा हलवतो. खोकं नाही, त्यामुळे खोक्याचा आवाजही नाही. इथे तानपुरा लावा. जवारीतून, म्हणजे तारेच्या झंकारातून, उठणारे स्वरांश एकमेकांवर फिरत राहतात, कधी पंचम वर येतो, कधी गंधार आपसूक उमटतो. चांगल्या खोक्यावर ते ऐकू येतात. चांगल्या पडद्यावर ते कुठून उठले आणि कुठे विरले हेही कळतं. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांच्या मुद्रणांत त्यांचं गुणगुणणं ऐकू येतं हे प्रसिद्धच आहे. खोक्यावर ते पियानोत मिसळलेलं असतं, पडद्यावर एक माणूस वाद्याशी बसून गुणगुणत असतो.

पण या मोहात पडण्याआधी ढोल-ताशा किंवा जोरकस ड्रम लावा आणि आवाज खऱ्या पातळीच्या जवळ न्या. पापुद्रा थोडाच हलू शकतो. त्यातून पडद्याच्या पुढची आणि मागची लहर खर्जात एकमेकींना खोडून काढते. थाप ऐकू येते, ती अंगावर येत नाही. दुसरी अडचण बसण्याची. मोठा सपाट पडदा वरचे सूर झोतासारखे फेकतो, म्हणून बऱ्याच पडद्यांपुढे एकच खुर्ची खरी. क्वाडनेच १९८१ साली आणलेल्या ईएसएल-६३ मध्ये पडद्याची वर्तुळं एकापाठोपाठ एक, किंचित उशिराने हलवून यावर तोड काढली होती. मागच्या भिंतीपासून मीटरभर तरी अंतर मात्र बहुतेक पडद्यांना लागतंच. ते नसेल तर हा पर्याय सोडून द्या.

भोंग्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते पहिल्या पाच मिनिटांत आवडतात किंवा कधीच आवडत नाहीत. अमेरिकी अभियंते पॉल क्लिप्श यांचा कोपऱ्यात ठेवायचा भोंगा १९४६ चा, आणि ही जात अजून टिकून आहे ती कार्यक्षमतेमुळे. १०५ डेसिबलच्या भोंग्याला ८५ डेसिबलच्या छोट्या खोक्याच्या शंभरावा हिस्सा शक्ती पुरते. आतला पडदा जेमतेम हलतो, त्यामुळे ट्रम्पेट, पखवाज, थाप ही सगळी हळू आवाजातही जिवंत असतात. त्याला अडवायचं ते समूहाने वाजणाऱ्या व्हायोलिनवर आणि स्त्रीच्या गळ्यावर. तोंडाशी ओंजळ धरून गायल्यासारखा रंग आला तर तो पुढे ओसरणार नाही, उलट रोज जास्त जाणवेल.

चारही जातींना सारखीच लागू पडणारी दोन मुद्रणं सोबत ठेवा. एक टाळ्यांचं. चांगल्या स्पीकरवर टाळ्या म्हणजे वेगवेगळे तळहात असतात, वाईटावर कढईत तेल तडतडावं तसा आवाज. दुसरं जुनं मोनो गाणं, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी तोच आवाज येणारं, स्टिरिओ रेकॉर्डी बाजारात रुळण्याआधीचं, म्हणजे १९५८ च्या आधीचं. गाणारी व्यक्ती दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, माणसाच्या रुंदीएवढीच उभी राहिली पाहिजे. ती भिंतभर पसरली तर जोडीतले दोन स्पीकर एकसारखे नाहीत किंवा दोन्हींच्या आसपासच्या भिंती वेगळ्या आहेत. रेकॉर्डची खरखर गळ्याला चिकटून येते की वेगळी पडून मागे राहते, तेही बघा. माझ्या त्या पहिल्या जोडीने खरखर आणि गळा एकमेकांना चिकटवले होते, आणि ते मला दुकानात कळलं असतं, कारण जुनी गाणी माझ्या पिशवीत होती. मी ती लावलीच नाहीत.

खोली लहान आणि ऐकणं मुख्यतः गळ्याचं असेल तर छोटे खोके घ्या, खर्जाची हाव धरू नका. चार माणसं मिळून ऐकणार असाल, वाद्यवृंद आणि इलेक्ट्रॉनिक संगीत दोन्ही हवं असेल, तर मोठे खोके, पण जागा बदलून बघण्याची मुभा असेल तरच. शेजारपाजाऱ्यांमुळे नेहमी हळू ऐकावं लागत असेल तर भोंग्याचा विचार जरूर करा.

शेवटी माझ्यापुढे मोठे खोके आणि पडदे अशा दोन जोड्या उरल्या होत्या. तानपुऱ्यावर गाणाऱ्या पुरुषाचं मुद्रण लावून, दार उघडं ठेवून मी शेजारच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे डावं-उजवं, झळाळी, सगळं गळून पडतं, उरतो तो आवाजाचा रंग आणि जोर. पडदे वाजत असताना आत कुणीतरी तानपुरा जुळवून बसलंय असं वाटलं. खोके वाजत असताना आत स्पीकर लावलेत हे कळत होतं. मग तबल्याचं मुद्रण लावलं आणि नेमकं उलट झालं. माझ्या ऐकण्यात गळा जास्त, म्हणून पडदे ठेवले. डग्गा मला रोज थोडा कमी मिळतो, आणि ते मी घेतानाच मान्य केलं होतं.