मामाचा डीबी स्पेक्ट्रम+ आणि एसडी कार्डाची जोडणी: आठ महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते. जुना स्पेक्ट्रम, म्हणजे टीव्हीला लावायचा आणि कॅसेटवरून प्रोग्राम वाचणारा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, घरात असेल आणि चालू होत असेल, तर कॅसेटऐवजी एसडी कार्ड वापरू देणारी डिव्हएमएमसी ही जोडणी जरूर घ्या. पण आली की लगेच पाठीमागे खोचू नका. मी दोन महिने थांबले आणि ते थांबणं कामी आलं.

मशीन माझं नाही, मामाचं आहे. गिरगावातली त्याची चाळ पुनर्विकासात गेली, तेव्हा पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक आमच्या मुलुंडच्या घरी आली. तिच्यात डीबी स्पेक्ट्रम+ आणि चौदा कॅसेट होत्या. ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी: डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 1986 मध्ये सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा स्पेक्ट्रम+ परवान्यावर आपल्याकडे आणला, तोच हा. आतलं यंत्र मूळच्या 1982 च्या स्पेक्ट्रमचंच. 3.5 मेगाहर्ट्‌झचा झेड80ए प्रोसेसर, 48 के (किलोबाइट) रॅम, 16 के रॉम म्हणजे कायमची, न बदलणारी मेमरी, आणि त्या रॉममध्ये बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा. प्लसला फक्त जरा बरा कीबोर्ड, डाव्या बाजूला रिसेटचं बटण आणि खाली उघडणारे दोन पाय मिळाले.

आता थांबायचं कारण. स्पेक्ट्रमला 9 व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या मधल्या भागाला ऋण टोक असतं. घरातल्या राउटरचा अडॅप्टर त्याच भोकात छान बसतो, पण त्याचं मधलं टोक धन असतं. तो लावलात तर मशीन गेलं. मी मल्टीमीटरने दोनदा तपासून, तारा उलट जोडून अडॅप्टर तयार केला आणि त्यावर लाल मार्करने नाव लिहिलं. घरात दुसऱ्या कुणी चुकून लावू नये म्हणून.

दुसरी गोष्ट रॅमची. या मशीनच्या खालच्या 16 के भागात 4116 जातीच्या आठ चिप असतात आणि त्यांना +5, +12 आणि −5 असे तीन व्होल्टेज लागतात. बोर्डावरचं एक छोटं सर्किट 9 व्होल्टांतून हे तयार करतं. ते बिघडून −5 नाहीसा झाला की चिप तापतात आणि मरतात. आमच्या मशीनमध्ये चाळीस वर्षांच्या वयाने हेच झालं होतं. चालू केल्यावर पडद्यावर ‘© 1982 सिंक्लेअर रिसर्च’ ही ओळ यायला हवी, तिथे उभ्या रेघा येत होत्या. आधी कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर बदलून तिन्ही व्होल्टेज जागेवर आणले. मग मिनिटभर चालू ठेवून एकेका चिपवर बोट ठेवलं. सहावीवर बोट ठेववेना.

4116 आता कुणी बनवत नाही. लॅमिंग्टन रोडला तीन दुकानांत ‘मॅडम, हे आता कुठे’ असं ऐकलं. चौथ्या दुकानातल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, चिपवरचा नंबर वाचला आणि आतल्या खणातून प्लास्टिकची नळी काढली. पाच चिप होत्या, मी पाचही घेतल्या. काढलेल्या चिपच्या जागी सॉकेट बसवलं, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डर तापवायला नको.

तिसरी गोष्ट उष्णतेची. 9 व्होल्टांचे 5 करणारा आतला 7805 रेग्युलेटर उरलेले व्होल्ट उष्णता म्हणून बाहेर टाकतो आणि मुंबईच्या मे महिन्यात कीबोर्डची उजवी बाजू हाताला चटका देते. कार्डाची जोडणी त्याच 5 व्होल्टांवर चालते, म्हणजे त्याच्यावर आणखी भार. त्याच्या जागी त्याच तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसवला. आता तीन तास चालवलं तरी केस कोमट असते. माझ्या मते जोडणीपेक्षा हा खर्च आधी करावा.

टीव्हीसाठी मूळ सोय यूएचएफच्या 36 व्या चॅनेलची. मी मॉड्युलेटरकडे, म्हणजे चित्र त्या चॅनेलवर बसवणाऱ्या भागाकडे, जाणारा सिग्नल थेट बाहेर काढून टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला दिला. काढलेला रेझिस्टर छोट्या पुडीत घालून केसच्या आतच चिकटवून ठेवला आहे. माझा नियम एकच: मशीनवर जे करायचं ते उद्या पूर्ववत करता आलं पाहिजे. सॉकेट बसवायला केसला भोक पाडणारे आणि लेबलं खरवडणारे लोक पाहिले की जीव कळवळतो. अशी मशिनं आता नव्याने होणार नाहीत.

एवढं झाल्यावर जून महिन्यात जोडणी लावली. परदेशातून मागवली, कस्टम धरून साडेपाच हजारांच्या आसपास पडली. आलेल्या पहिल्या नगात कनेक्टरच्या दोन पिना एकमेकींना सोल्डरने चिकटलेल्या होत्या. विक्रेत्याने दुसरा पाठवला, पण भिंगातून न पाहता लावला असता तर काय झालं असतं याचा विचार करा. मशीनच्या मागच्या कनेक्टरच्या पट्टीवर 5 व्होल्टांशेजारीच इतर व्होल्टेजही बाहेर आलेले असतात. म्हणून मशीन चालू असताना ही जोडणी काढायचीही नाही आणि लावायचीही नाही.

ती काम कशी करते हे कळलं तेव्हा मी खरोखर थक्क झाले. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये कॅसेट वाचण्याचा भाग ठरलेल्या पत्त्यावर आहे. जोडणी पाठीमागे बसून प्रोसेसर कुठल्या पत्त्यावरची आज्ञा उचलतो आहे ते सतत पाहत असते. तो त्या भागात शिरला, हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) 0562 या पत्त्यावर आला, की ती रॉमच्या जागी स्वतःची मेमरी पुढे करते. लोड म्हणणाऱ्या बेसिकला याचा सुगावाही लागत नाही. त्याला कॅसेटच चालू आहे असं वाटतं आणि माहिती मात्र कार्डावरून येते. रॉमला हातही न लावता 1982 च्या मशीनला नवी साठवण मिळते.

वेगाचं सांगायचं तर कॅसेटवरून सेकंदाला साधारण 1500 बिट येतात. एक पडदाभर चित्र म्हणजे 6912 बाइट, त्यालाच अर्ध्या मिनिटाच्या वर लागतं. पूर्ण 48 केचा खेळ पाच मिनिटं घेतो. कार्डावरून तो डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सुरू होतो. जोडणीवरचं बटण दाबलं की फाइलींची यादी येते, त्यातून हवी ती निवडायची. एक मात्र लक्षात ठेवा. ज्या खेळांनी कॅसेट वाचण्याची स्वतःची पद्धत वापरली आहे, ते रॉमच्या त्या भागात जातच नाहीत. त्यामुळे त्यांची कॅसेट-फाइल चालत नाही, मेमरीची जशीच्या तशी घेतलेली प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, लागते. सुरुवातीला मला वाटलं जोडणीच बिघडली.

कार्ड मात्र पारखून घ्या. माझ्याकडचं 32 जीबीचं नवं कार्ड तिने ओळखलंच नाही, जुन्या कॅमेऱ्यातलं 4 जीबीचं पहिल्या फटक्यात चाललं. 48 केच्या फाइलींना 4 जीबी म्हणजे समुद्र आहे.

त्रास झाला तो ऑगस्टमध्ये. टाइप करता करता मशीन अचानक रिसेट व्हायचं. दीडशे ओळींचा प्रोग्राम दोनदा गेला. मला वाटलं रॅम पुन्हा गेली. शेवटी कारण सापडलं ते पायांत. प्लसचे मागचे पाय उघडले की मशीनची मागची बाजू उचलली जाते आणि जोडणी हवेत लोंबकळते. जोरात कळ दाबली की ती केसभर हलते आणि संपर्क तुटतो. सिंक्लेअरच्या आधीच्या झेडएक्स81 च्या 16 के रॅमपॅकचंही (मागे खोचायच्या जादा मेमरीचं) हेच दुखणं प्रसिद्ध होतं. मी पाय मिटले आणि जोडणीखाली जुन्या स्लिपरच्या रबराचा तुकडा मापात कापून ठेवला. त्या दिवसापासून एकदाही रिसेट नाही.

पावसाळ्यात कनेक्टरच्या पट्टीवर काळपट थर येतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसायचा. खोडरबराने घासू नका, वरचा मुलामा निघतो. मशीन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आतला दमटपणा आतच राहतो. मी सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कपाटात ठेवते.

आता खरं ज्यासाठी हे सगळं केलं ते. मामाच्या चौदा कॅसेटपैकी नऊ विकतच्या खेळांच्या. ते खेळ जगभर जतन झालेले आहेत. उरलेल्या पाच त्याने स्वतः भरलेल्या आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. एकीवर त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘अक्षरं – शेवटचं’.

त्या कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी होती आणि फितीला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडला होता. मी भजनांच्या एका कॅसेटचे पाच स्क्रू काढले, तिचं कवच मोकळं केलं आणि मामाची दोन्ही रिळं त्यात हलवली. ब्रशने बुरशी हलकेच झाडत फीत हाताने पुढे सरकवली, त्यात दुपार गेली. मग टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवत राहिले. आवाज सर्वांत टोकदार ऐकू येईल तिथे थांबायचं. सगळं आधी लॅपटॉपवर ध्वनिफाइल म्हणून उतरवून घेतलं, कारण अशी फीत किती वेळा चालेल याचा भरवसा नसतो. हा क्रम सोडू नका: आधी ध्वनिफाइल, मग बाकीचं.

मग लॅपटॉपचा आवाज स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला दिला. कार्डाची जोडणी लावलेली असतानाही खरी कॅसेट नेहमीसारखीच वाचली जाते, हा तिचा मोठा गुण. पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे आले, पण त्यांच्यापाठोपाठ निळे-पिवळे येईपर्यंत गाडी अडकली आणि नाव काही उमटेना. चार वेळा. पाचव्या वेळी आवाज थोडा कमी केला आणि नाव उमटलं: ‘बाइट्स: अक्षर3’. 768 बाइट.

मामाला फोन लावला. तो आता ठाण्याला असतो.

‘मामा, अक्षर3 लोड झालंय. पण पडद्यावर काहीच दिसत नाही रे.’

‘पोक कर गं. 23606 ला शून्य आणि 23607 ला 249.’

‘अजून पाठ आहे तुला?’

‘पाठ कशाला, हिशेबच आहे तो. 64000 वजा 256, भागिले 256.’

पोक केलं, म्हणजे मेमरीच्या त्या दोन पत्त्यांवर ते आकडे थेट लिहिले, आणि लिस्टिंग पुन्हा पडद्यावर आणली. इंग्रजी लिस्टिंग आता देवनागरीत उमटली. अर्थ काही नव्हता, पण क, ग, त, म ओळीने उभे होते आणि शिरोरेषा पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग.

स्पेक्ट्रमवर स्वतः आखायची अक्षरं फक्त 21 मिळतात. मराठीला ती कुठून पुरणार? म्हणून मामाने 96 चिन्हांचा अख्खा संच मेमरीत दुसरीकडे मांडला आणि मशीनला त्याचा पत्ता दिला. प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ ठिपके. वरच्या दोन ओळी त्याने मात्रांसाठी सोडल्या, तिसरीवर शिरोरेषा, खालच्या पाचांत अक्षर. मात्रा छापायची तर कर्सर एक घर मागे आणून ओव्हर 1 या आज्ञेने अक्षरावरच छापायची. पण ओव्हरमध्ये ठिपक्यावर ठिपका पडला की दोन्ही पुसले जातात, म्हणून त्याची प्रत्येक मात्रा शिरोरेषेच्या बरोबर वर येऊन थांबते, तिला शिवत नाही. उकाराला जागा उरली नाही, तेव्हा कु, गु, सु अशी नेहमीची अक्षरं वेगळी काढली. हे सगळं त्याने चौकटीच्या वहीत हाताने आखलं होतं. बँकेतून घरी आल्यावर, रात्री, चाळीतला टीव्ही मोकळा झाला की.

सेव्ह या आज्ञेपुढे तारा (*) टाकून तो संच कार्डावर उतरवला. पूर्वी या कामाला कॅसेट शोधा, पुढे-मागे करा, लोड करून तपासा, असं सगळं लागायचं. आता रोज रात्री वीस मिनिटं मिळाली तरी मी मशीन लावते आणि जिथे थांबले होते तिथून पुढे जाते. आठ महिन्यांत संचात सोळा जोडाक्षरं वाढवली. क्षसाठी तीन रात्री गेल्या. मामा रविवारी येतो, पाहतो आणि एखादा ठिपका इकडून तिकडे करायला सांगतो. बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं.

‘मग इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, का नाही?’ असं विचारतात. खेळच खेळायचे असतील तर इम्युलेटर उत्तम आहे. 2024 मध्ये बाजारात आलेला त्याच चेहऱ्याचा नवा ‘द स्पेक्ट्रम’ही आतून इम्युलेटरच आहे, आणि तो थेट टीव्हीला लागतो. नुसती हौस भागवायला कुणी चाळीस वर्षांचं मशीन विकत घेऊ नये. पण मशीन घरातच असेल, आणि त्यासोबत कुणीतरी स्वतः भरलेल्या कॅसेट असतील, तर ती चालती ठेवायला ही जोडणी मला सर्वांत उपयोगी वाटली. आठ महिन्यांत तिने कार्डावरची एकही फाइल बिघडवलेली नाही. तरी मी दर रविवारी कार्डाची प्रत लॅपटॉपवर घेते.

मामाच्या पाचांपैकी तीन कॅसेट उतरवून झाल्या. चौथीची फीत मध्येच तुटली आहे, ती जोडायला स्प्लायसिंग टेप मागवली आहे. पाचवीवर नुसतं ‘पास’ लिहिलेलं आहे. मामा म्हणतो तो रेल्वेच्या पासाचा हिशेब असावा, मामीचं म्हणणं आहे की तिच्या बी.ए.च्या निकालाच्या दिवशी त्याने काहीतरी केलं होतं. त्या कॅसेटचा फेल्ट शाबूत आहे. येत्या रविवारी दोघं आली की लावायची, असं ठरलंय.