व्हॅनमधले सहा महिने: बंडाबर्गपासून केप ट्रिब्युलेशनपर्यंत

गादी उचलली तेव्हा खाली काळी बुरशी होती. व्हॅन घेऊन जेमतेम सात आठवडे झाले होते आणि प्लायवूडवर, बरोब्बर आमच्या दोघांच्या पाठींच्या आकाराचे दोन काळे डाग. वरून चादर स्वच्छ, उशा स्वच्छ, आणि रोज रात्री आम्ही त्याच्यावर झोपत होतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर व्हॅन घेऊन निघणाऱ्याने आधी हे वाचावं, मगरी आणि कॅसोवरी (उडता न येणारा, माणसाएवढा पक्षी) नंतर.

आमची गाडी सेकंडहँड, डिझेल, उंच छताची. आत पलंग, छोटं सिंक, एक शेगडी, ४५ लिटरचा १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज, ६० लिटर पाण्याची टाकी, छतावर २०० वॉटचं सोलर पॅनेल आणि १०० अँपिअर-अवरची (हे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिथियम बॅटरी. फेब्रुवारीच्या शेवटी ब्रिस्बेनहून निघालो, ऑगस्टच्या शेवटी परत आलो. मुख्य रस्ता म्हणजे ब्रूस हायवे. ब्रिस्बेन ते केर्न्स साधारण १,७०० किलोमीटर, पण आत-बाहेर, मागे-पुढे करत आमच्या मीटरवर ९,४०० पडले. शंभर किलोमीटरला ११ लिटरच्या आसपास डिझेल लागलं, म्हणजे एकूण दोन हजार डॉलरपेक्षा थोडं जास्त. कॅरव्हॅन पार्कात, म्हणजे गाडी लावून राहायच्या खासगी तळावर, वीजजोडणीची जागा रात्रीला ४५ ते ६५ डॉलरला पडायची. नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये माणशी सात-साडेसात डॉलर पडायचे, पण तिथे वीज नाही आणि बुकिंग आधीच करावं लागतं. आम्ही तीनास एक या प्रमाणात नॅशनल पार्कात राहिलो, म्हणून खिशाला परवडलं.

आता सोलरचं. विकणारा म्हणाला होता, "सोलर आहे, मग काय काळजी!" बोवेनच्या उघड्या किनाऱ्यावर खरंच काळजी नव्हती, दुपारी दोनपर्यंत बॅटरी पूर्ण. पण केर्न्सच्या उत्तरेकडच्या डेनट्रीच्या जंगलात शिरलात की डोक्यावर पानांचं छत. तिथे आमचं पॅनेल म्हणजे छतावर ठेवलेली काळी फरशी. आमचा फ्रिज त्या उकाड्यात दिवसाला ४० अँपिअर-अवर सहज खातो. पंखा, दिवे, फोन धरले तर दोन रात्रींत बॅटरी संपते. आम्हाला तारलं ते गाडी चालताना बॅटरी भरणाऱ्या चार्जरने. २५ अँपिअरचा आहे. दोन तास गाडी चालवली की फ्रिजचा दिवस निघतो. पॅनेल मोठं घेण्याऐवजी पैसे या चार्जरवर घाला, असं मी आता कुणालाही सांगते. डेनट्री नदीच्या उत्तरेला सार्वजनिक वीजवाहिनीच नाही. तिथले लोक स्वतःच्या सोलर आणि जनरेटरवर राहतात. त्यामुळे "पुढच्या गावात चार्ज करू" हे तिथे चालत नाही.

बुरशीवर उपाय सापडला तो साधा. प्लाय काढून टाकला आणि बोटभर फटी ठेवून फळ्यांची चौकट बसवली, म्हणजे गादीला खालून हवा. छताचा पंखा रात्रभर कमी वेगावर, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी. पण खिडकी उघडी म्हणजे जाळी हवी, आणि इथे दुसरी फसवणूक. गाडीसोबत आलेल्या जाळीतून डास येत नाहीत, पण खारफुटीजवळची सँडफ्लाय, म्हणजे चावणारी अगदी बारीक माशी, आरामात येते. स्थानिक लोक तिला मिजी म्हणतात. दिसत नाही, आवाज नाही, सकाळी घोट्याभोवती चाळीस लाल ठिपके आणि मग आठवडाभर खाज. कार्डवेलला नवऱ्याचे पाय बघून शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी न विचारता मलम आणून दिलं. यासाठी अगदी बारीक विणीची जाळी लागते. ती लावली की हवा कमी येते, म्हणून पंखा मोठा लागतो.

एवढं सगळं सोसायचं कशासाठी, तर पहाटेसाठी. हॉटेलातून निघून पोचणारा माणूस सात वाजता येतो, तोवर खेळ संपलेला असतो. मॅकेजवळच्या केप हिल्सबरोला आम्ही पावणेसहाला नुसता पडदा सरकवला, चपला घातल्या आणि किनाऱ्यावर उतरलो. ओहोटीच्या ओल्या वाळूवर वॉलबी (कांगारूची लहान जात) आणि कांगारू, मागे समुद्रातून वर येणारा सूर्य. एक वॉलबी वाहून आलेली खारफुटीची शेंग दोन्ही हातांत धरून चावत होती, कणीस धरावं तशी. युंगेलाला ब्रोकन रिव्हरवर प्लॅटिपस (बदकासारख्या चोचीचा, पाण्यात राहणारा प्राणी) दिसला तोही असाच, तांबडं फुटायच्या सुमारास. आधी पाण्यावर बुडबुड्यांची रांग, मग एक तपकिरी पाठ, आणि पुन्हा काही नाही. तो घाट मात्र फार चढाचा आहे. आमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत गेली.

निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात बंडाबर्गजवळ मॉन रेपोजला लॉगरहेड कासवांची पिल्लं पाहिली. इथे १९६८ पासून कासवांना टॅग लावून नोंदी ठेवतात. रेंजरसोबत गटाने जायचं, टॉर्च बंद, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात. आमचा नंबर रात्री साडेअकराला लागला. परत आलो तर कॅरव्हॅन पार्कचं फाटक बंद, कोड कुणी दिला नव्हता, आणि आम्ही फाटकाबाहेर झोपलो. व्हॅनचा फायदा हाच: घर सोबत असतं.

मेमध्ये आई तीन आठवड्यांसाठी आली. टाऊन्सव्हिलला विमानतळावरून घेतलं आणि उत्तरेला निघालो. पलंग आईला आणि मला, नवरा बाहेर तंबूत. हायवेच्या कंटाळवाण्या पट्ट्यात चालकाला झोप येऊ नये म्हणून कोड्यांच्या पाट्या लावल्या आहेत. एका पाटीवर प्रश्न, काही किलोमीटरनंतर उत्तर. "क्वीन्सलँडचं राज्यफूल कोणतं?" आई ठामपणे म्हणाली, "जास्वंद." उत्तर आलं कुकटाऊन ऑर्किड. तिने ते मान्य केलं नाही. टलीला ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभा आहे. १९५० साली तिथे तेवढा पाऊस पडला होता. आई त्याच्या आतल्या जिन्याने वरपर्यंत चढली.

इनिसफेलजवळच्या एट्टी बेला कॅसोवरी किनाऱ्यावर येतात हे माहीत होतं. तिथल्या दुपारी आई सरकत्या दाराच्या पायरीवर बसून केळं सोलत होती, नवरा घडीच्या टेबलामागे. झाडीतून तो आला. माझ्या खांद्याएवढा, गळा झगझगीत निळा, खाली दोन लाल पाळ्या लोंबत, डोक्यावर शिंगासारखा तुरा. मागे पट्टे जाऊन तपकिरी झालेलं, अर्धवट वाढलेलं पिल्लू, म्हणजे हा बाप. अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं नराचंच काम. मी हळूच म्हटलं, "आई, केळं आत ने." "अगं, पण त्याला भूक लागली असेल..." "आई. आत." खायला घातलं की हे पक्षी गाड्यांच्या मागे लागतात आणि रस्त्यावर मरतात, म्हणून त्यांना खायला घालणं हा तिथे गुन्हा आहे. शिवाय पायाच्या आतल्या बोटाची नखी १२ सेंटिमीटरपर्यंत, सरळ सुरीसारखी.

आई आत आली. आता दार लावायचं. आमचं सरकतं दार जोरात आपटल्याशिवाय लागत नाही, आणि आपटायची माझी हिंमत होईना. पाऊण लावून धरून उभी राहिले. मागचं दार आतून उघडतच नाही, हे मला व्हॅन घेताना क्षुल्लक वाटलं होतं. तो काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे मान वाकडी करून बघत राहिला, घशातून एक खोल घुमणारा आवाज काढला. तो कानांपेक्षा छातीत जास्त जाणवला. आठ-दहा मिनिटांनी निघून गेला. टेबलामागे पुतळा झालेल्या जावयाकडे बघून आई म्हणाली, "बघा, बाप कसा सांभाळतोय पोराला."

डेनट्री नदी फेरीने ओलांडायची. लोखंडी दोरावर ओढली जाणारी फेरी, काही मिनिटांचं काम. पलीकडे केप ट्रिब्युलेशनपर्यंत डांबरी रस्ता आहे, आमच्यासारखी साधी गाडी जाते. त्यापुढचा ब्लूमफिल्ड ट्रॅक फक्त फोर-व्हील ड्राइव्हसाठी, तिथे शहाणपणा करू नका. डोंगराच्या बाजूला २०२३ च्या डिसेंबरमधल्या जास्पर चक्रीवादळाच्या दरडींच्या खुणा दिसतात. मगरीच्या पाट्या जागोजागी. पाण्यापासून किमान पाच मीटर लांब उभं राहा, मुक्काम किमान ५० मीटर लांब टाका, असं तिथलं सरकार सांगतं. रोज त्याच जागी, त्याच वेळी पाण्यावर जाऊ नये, कारण मगर सवय हेरते. आम्ही भांडी टाकीच्या पाण्यानेच घासली, म्हणून टाकी मोठी हवी होती असं वाटलं. ६० लिटर तिघांना दोन दिवस पुरत नाहीत. पोहण्याचं म्हणाल तर नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा हंगाम, त्यात जाळी लावलेल्या भागाबाहेर आम्ही उतरलोच नाही. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरची बाटली (डंखावर ओतायला) अडकवलेली दिसली की इथे जेलीफिश असतात हे समजायचं.

रात्री कुरकुर ऐकू आली ती मगरीची नाही, उंदराची. पांढऱ्या शेपटीचा थोराड उंदीर, नारळ फोडून खाणारा. आमचा प्लॅस्टिकचा डबा एका रात्रीत कोरून ब्रेड संपवला. बॉनेट उघडून तारा तपासायची सवय तेव्हापासून लागली. पुढच्या मुक्कामांत सगळं खाणं पत्र्याच्या डब्यात.

आणि अंधारात गाडी चालवू नका. संध्याकाळी पाच वाजता आम्ही जिथे असू तिथे थांबायचो. भाड्याने व्हॅन घेणार असाल तर कागद नीट वाचा. रात्री प्राण्याला धडकलात तर विमा लागू नाही, असं कलम आमच्या ओळखीच्या एका जोडप्याच्या करारात होतं. जूनपासून ऊस तोडणी सुरू होते, मग उसाच्या छोट्या आगगाड्या रस्ता ओलांडतात, तेही अंधुक उजेडात दिसत नाही.

गाडी विकलेली नाही. पुढच्या आठवड्यात बारीक जाळ्या बसवून घेतोय आणि दुसरी ३० लिटरची टाकी. आई पुढच्या वर्षी परत येईन म्हणते. तिने एकच चौकशी केली: मागचं दार आतून उघडायला लागलं का?